कल्पनाताई तुकडा द्यायची नाही

कल्पनाताईच्या स्टुडिओत पंखा बंद झाला की आम्ही सगळे आपोआप श्वास आवरून उभे राहायचो. पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून तो बंद करावा लागे, एवढंच कारण. पण तो थांबला की त्या गाळ्यात जी शांतता उतरायची, तिची मला कधी सवय झाली नाही. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, त्यांच्यावर मंडपवाल्याकडून उचललेला हिरवा गालिचा. आपला आवाज आपल्याच ओठांशी मरून जायचा. आणि काचेपलीकडे कानांवर हेडफोन चढवून बसलेली ताई आम्हाला आमच्यापेक्षा जास्त ऐकत असायची.

"डावीकडून दुसरी, तुझं पोट बोलतंय. दोन बिस्किटं खाऊन ये."

"बांगड्या काढा गं. हो, काचेच्या पण."

एकदा म्हणाली, "तुमच्यातलं कुणीतरी रडून आलंय. कोण ते मी विचारत नाही. नाक साफ करून या फक्त."

रडून आलेली मी होते. चारजणींच्या कोरसमध्ये, तोंडातून एक शब्दही बाहेर पडला नव्हता, तरी तिने नुसत्या श्वासावरून ओळखलं.

मी तेव्हा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात बिलं बनवायचे. सुट्टीच्या दिवशी कोरसला जायचे. जयंतीची गाणी, हळदीची गाणी, कुणाच्या तरी वाढदिवसाची गाणी. ताईचा स्टुडिओ गोडदेवात, पिठाच्या गिरणीला लागून होता. गिरणी चालू असली की जमीन थरथरायची आणि काम थांबायचं. मग ताई बाहेर जाऊन गिरणीवाल्याला म्हणायची, "भैया, एक गाना निकाल लेती हूँ, फिर पीसो." तो मान हलवायचा. ताईला नाही म्हणणं कुणाला फारसं जमत नसे.

ती मूळची परभणीकडची. नवरा कीबोर्ड वाजवायचा. त्याच्यामागे हा गाळा आणि कॉम्प्युटर हिच्याकडे आला. बुटकी, जाड काचांचा चष्मा, केसांचा घट्ट अंबाडा, आणि कायम पायात मोजे, कारण चपलेचा आवाज नको. गिऱ्हाइकांशी हिंदी, आमच्याशी मुंबईची मराठी, आणि संतापली की थेट परभणी. "काहून गं माय, झोपेत गाती का?" असं आलं की आम्ही सरळ व्हायचो.

गाणं पूर्ण झालं की तिचा एक नेम होता. फाइल बाहेर काढण्याआधी ती सगळ्यांना आत बोलवायची, दार लावायची आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवायची. मध्ये बोलायचं नाही, फोन बघायचा नाही. शेवटचा सूर विरून गेल्यावरही ती हात वर करून आम्हाला थोपवून धरायची. मग म्हणायची, "आता संपलं." आमच्यासाठी ते कधीच संपलेलं असायचं, तिला त्या सुराची शेपूट अजून ऐकू येत असायची.

एकदा तिने मला शेजारी बसवून दाखवलं. पडद्यावर गाणं आडवं पसरलेलं असतं, रंगीत पट्ट्यांसारखं. एक पट्टी ढोलकीची, एक गायकाची, एक आमची. त्यातला एखादाच भाग बाहेर काढायचा असेल तर माउसने इथून तिथपर्यंत ओढायचं. तेवढा भाग निळा होतो. मग एक्स्पोर्ट. तेवढ्याचीच वेगळी फाइल तयार होते.

"बघ," ती म्हणाली, "जेवढं निळं केलं तेवढंच जगात जाणार. बाकीचं इथं असून नसल्यासारखं. ज्याच्या हातात माउस, तो ठरवणार माणूस काय बोलला ते."

मी म्हटलं, "सोपं आहे की."

"सोपं आहे म्हणून तर भ्या वाटतं."

आणि ती तुकडा द्यायची नाही. कुणी रिंगटोनला मागितला, कुणी स्टेटसला मागितला, तिचं उत्तर ठरलेलं. "पूर्ण घेऊन जा. बाहेर काय कापायचं ते कापा. माझ्या हातून नाही." लोक चिडायचे. दुसऱ्या स्टुडिओत असं काम चहा पिईपर्यंत होऊन जातं. मीही एकदा विचारलं, एवढं काय त्यात? तेव्हा तिने मला ढोलकीवाल्याची गोष्ट सांगितली.

एक ढोलकीवाला तिच्याकडे नेहमी यायचा. तरणाताठा, हसरा. अपघातात गेला. काही दिवसांनी त्याची बायको आली. म्हणाली, ताई, त्याचा आवाज कुठे असेल का? तो गात नव्हता, नुसता वाजवायचा. पण एका गाण्याच्या आधी माइक चालू राहिला होता आणि त्यात तो हसला होता, मोकळं, पोटातून. ताईने तेवढाच भाग निळा केला, काढला आणि तिच्या फोनवर दिला. बायको स्टुडिओतच रडली, ताईच्या पाया पडली.

मग सासू आली. "बाई, ते पुसून टाका हो. ती दिवसभर लावून बसते. पोरं घाबरतात. बाप हसतोय, पण कशाला हसतोय तेच कळत नाही त्यांना. धाकटा कानात बोळे घालून झोपतो."

ताई सांगताना थांबली. "त्याच्या हसण्याच्या आधी कीबोर्डवाला कायतरी चावट बोलला होता. मी तो विनोद कापला आणि नुसतं हसणं दिलं. मेलेल्या माणसाचं बिनकारणाचं हसणं. कसं वाटलं असेल लेकरांना?"

ती त्यांच्या घरी गेली. आधीचं, नंतरचं, सगळं ऐकवलं. थोरल्याने विनोद ऐकला, तोंडावर हात धरला आणि म्हणाला, "अच्छा, यावर हसले पप्पा." त्यानंतर त्या घरातली भीती गेली. पण ताईच्या मनातली गेली नाही. तेव्हापासून तुकडा बंद.

दामूबाबा तिच्याकडे आले ते पावसाळ्याच्या तोंडावर. भाईंदर पश्चिमेला खाडीच्या बाजूला जुनी कोळी वस्ती आहे, तिथले. वय झालेलं, दात थोडे, आवाज मात्र अजून वाऱ्यावर जाणारा. वस्तीतल्या प्रत्येक हळदीला त्यांनी गायलेलं. पुतण्या मोरेश्वर त्यांना रिक्षातून घेऊन आला होता. आईबाप लहानपणी गेलेला हा मोरू, बाबांनीच त्याला वाढवलेला. बाबांना धरून खुर्चीवर बसवलं त्याने, पाणी दिलं, घाम पुसला. बघणाऱ्याला वाटावं, पोटचा मुलगाही एवढं करत नाही.

"आवाज हाय गो पोरी अजून," बाबा ताईला म्हणाले. "दम न्हाय. मदी मदी थांबाया लागंल."

"थांबा की. मी कुठं जाती?"

गाणं त्यांनी स्वतः रचलेलं होतं. वस्तीपुढे मासळी सुकवायची मोकळी जागा आहे, तिला ते खळं म्हणतात. तिथे एक बिल्डर टॉवर उभा करायचं म्हणत होता आणि वस्तीच्या सह्या गोळा करत होता. बऱ्याच जणांनी दिल्या होत्या. बरेच जण दामूबाबा काय म्हणतात ते बघत थांबले होते. बाबांनी काही म्हटलं नव्हतं. गाणं रचलं होतं. नारळी पौर्णिमेला सगळ्यांसमोर वाजवायचं, तोवर कुणाला ऐकवायचं नाही, असं ठरलेलं.

पंखा बंद झाला. बाबा डोळे मिटून गायले.

"घ्या रं घ्या, माजा खला घ्या,
खारा वारा, किनारा घ्या,
हासत हासत देतंय तुमाला,
दारची माजी खारी घ्या."

आम्ही चौघी मागे "घ्या रं घ्या" म्हणत होतो. मला वाईट वाटलं, म्हातारा खळं, खाडी सगळं देऊन हरला म्हणून. मग ढोलकी चढली आणि दुसरं कडवं आलं.

"पन जरा थांबा, घाई कनाची?
राख माजी होऊंद्या.
जित्ता हाय तवर देनार न्हाय,
मंग येऊन घ्या रं घ्या."

शेवटचं "घ्या" त्यांनी असं फेकलं की माझ्या अंगावर काटा आला. काचेपलीकडे ताई हसत होती. तिच्यामागे मोरू उभा होता. तो जमिनीकडे बघत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मोरू पुन्हा आला, सोबत एक गृहस्थ. पांढरा शर्ट, बारीक फ्रेमचा चष्मा, बोलणं एकदम मऊ. बिल्डरच्या वतीने वस्तीत फिरायचे ते. सगळे त्यांना विनयशेठ म्हणायचे. आम्ही त्या दिवशी एका हळदीच्या गाण्यासाठी तिथेच होतो.

"ताई, तुमचं खूप नाव ऐकलंय," ते म्हणाले. "छोटं काम आहे. दामूबाबांच्या गाण्याचं पहिलं कडवं हवंय फक्त. वस्तीची सभा ठेवलीय हॉलमध्ये. सुरुवातीला बाबांचा आवाज लावू. मान असतो त्यांचा."

"पूर्ण घेऊन जा. बाबांनी सांगितलं तर देते."

"पूर्ण मोठं होतं हो."

"मग लावू नका."

ते हसले. अजिबात रागावले नाहीत. "आम्ही जरा बोलतो दोघं," म्हणाले आणि इकडेतिकडे बघून मोरूला घेऊन माइकच्या खोलीत गेले. दार ओढून घेतलं. त्यांना वाटलं असणार, एवढ्या गाद्या ठोकलेल्या खोलीतून बाहेर काय ऐकू येणार.

ताईच्या कानांवर हेडफोन होते. आतला माइक चालू होता.

तिचा चेहरा मी बघत होते. आधी त्यावर काहीच उमटलं नाही. मग हळूहळू त्यावरचं रक्त उतरत गेलं. काचेपलीकडे विनयशेठ मोरूच्या खांद्यावर हात ठेवून हसून बोलत होते. बाहेर आले, ताईला नमस्कार केला, आमच्याकडे बघूनही मान लववली आणि गेले.

बाकीच्या पोरी गेल्यावर ताईने मला थांबवलं.

"वैशू, तो काय म्हणाला माहितीय? 'काका गाण्यातच म्हणालाय ना, राख झाल्यावर या म्हणून. मग येऊ की. तू कशाला टेन्शन घेतोस?'"

मी म्हटलं, "मोरू काय म्हणाला?"

"काही नाही. नुसता त्याचा श्वास येत होता कानात. लई जोरात."

"ताई, रेकॉर्डचं बटण का नाही दाबलं?"

तिने आपला उजवा हात वर करून बघितला, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. "हललाच नाही गं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी वस्तीत गेलो. बाबा दारात जाळं विणत बसले होते. ताईने सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली.

"माजा मोरू? न्हाय गो बाय. त्यो शेट बोलला आसंल. आसली मानसा बोलतातच. मोरूला मी खांद्यावं घेऊन वाढवलाय."

"बाबा, तो गप्प बसला होता."

"त्याचा सभावच गप बसन्याचा हाय." मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "हालमंदी भोंगा मोटा आसंल नं? दे त्यांना कडवा. माजा आवाज एकदा तरी मोट्या भोंग्यावं वाजूंदे. पुनवेपावतर कोन जगलाय, कोन मेलाय."

परत आल्यावर रिक्षातून उतरताना ताई एवढंच म्हणाली, "गाणाऱ्यानेच दे म्हटल्यावर मी अडवणारी कोण?"

आणि तिने तुकडा दिला.

तो तिने कसा दिला ते मी शेजारी बसून पाहिलं. पहिलं कडवं तसंच ठेवलं. त्यानंतरची ढोलकी पूर्ण कापली, त्या जागी मोकळी शांतता सोडली, बऱ्यापैकी लांब. आणि शांततेनंतर दुसरं कडवं आणून चिकटवलं. मग पहिल्यापासून तिथपर्यंत माउस ओढला. सगळं निळं झालं.

विनयशेठ पेनड्राइव्ह न्यायला स्वतः आले. ताईने लावून दाखवलं. पहिलं कडवं संपलं, शांतता सुरू झाली, आणि ते उठले.

"थांबा ना, ऐकून जा पूर्ण," ताई म्हणाली. "माझ्याकडे पद्धत आहे तशी."

"छान झालंय. घाईत आहे जरा." त्यांनी पेनड्राइव्ह खिशात टाकला.

रविवारी दुपारी हॉल भरला होता. पुढे वस्तीतल्या बाया, मागे पुरुष, प्रत्येकाच्या मांडीवर नाश्त्याचं खोकं. एका टेबलावर काचेच्या पेटीत टॉवरचं मॉडेल, त्यात बोटाएवढी झाडं. दामूबाबा पहिल्या रांगेत, धुतलेल्या सदऱ्यात. मोरू त्यांच्या शेजारी. ताई आणि मी दारापाशी उभ्या.

भोंग्यातून बाबांचा आवाज आला तेव्हा ते लहान पोरासारखे मागे वळून सगळ्यांची तोंडं बघायला लागले. "हासत हासत देतंय तुमाला" झालं, आणि हॉलमध्ये कुजबूज उठली. म्हातारा तयार झाला? एक बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. विनयशेठ माइक घेऊन उभे राहिले.

"बघा मंडळी, तुमचे बाबाच सांगतायत. हसत हसत द्या म्हणतायत. मोठ्या मनाचा माणूस. मी एवढंच म्हणेन की..."

"पन जरा थांबा, घाई कनाची?"

शेठ थबकले. त्यांनी साऊंडवाल्याकडे हात केला. साऊंडवाल्याला वाटलं, आवाज कमी पडतोय, त्याने वाढवला. "राख माजी होऊंद्या" असं भिंतींवर आदळलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी खदखदून हसली. मग दुसरी. "जित्ता हाय तवर देनार न्हाय" ला बाबा स्वतः उठून उभे राहिले आणि भोंग्याच्या बरोबरीने गायला लागले, आणि त्यांच्यामागे अख्खा हॉल. मीही गात होते. एवढ्या जोरात मी कधी कुठल्या कोरसमध्ये गायले नसेन.

विनयशेठही टाळ्या वाजवत होते. हसत. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी त्यांच्या चालू होत्या.

ताईने माझा दंड धरला. "मोरूकडं बघ."

मोरू खाली बसलेला होता आणि त्याचे दोन्ही हात कानांवर होते.

दुसऱ्या दिवशी विनयशेठ स्टुडिओत आले, पेढे घेऊन. "राग नाही हं, ताई. उलट मजा आली. बाबांनी अट घातली ती आता सगळ्या वस्तीने ऐकली. बरं झालं. मला नेमकं काय करायचं ते समजलं." पेढ्यांचा पुडा त्यांनी कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर ठेवला. ते गेल्यावर ताईने तो उचलला नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत तो तिथेच होता. त्याला मुंग्या लागल्या तेव्हा मी टाकून दिला.

"मी खेळ केला, वैशू," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडावर मारायला गेले आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात पाटी अडकवली. तो आहे तोवर नाही, हे आधी चार जणांना माहीत होतं. आता सगळ्यांना कळलं, तो गेला की वाट मोकळी."

मी तिला समजावलं. वस्ती जागी झाली, सह्या थांबल्या, हे काय कमी आहे? खरंच, कितीतरी जणांनी सह्या परत मागितल्या होत्या. ती ऐकून घ्यायची. पण आता रेकॉर्डिंग चालू असताना मध्येच हेडफोन काढून दाराकडे बघायची. "बाहेर कुणीतरी उभं आहे." मी बघायला जायचे. कधी कुणी नसायचं. कधी गिरणीपाशी एक माणूस दळणाशिवाय उभा असायचा.

दामूबाबा शेवटचे स्टुडिओत आले ते एकटे. मोरू नव्हता सोबत. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, गाण्याचं काही बोलले नाहीत.

"होरीचा दोर सुटला व्हता सकाली," ते म्हणाले. "भरतीला होरी वाऱ्यावं गेली. आनली शोधून."

"होडीचा दोर? कापला कुणी?" ताईने विचारलं.

"कापला न्हाय गो. सोरलेला." त्यांनी हवेत बोटं फिरवून गाठ मारून दाखवली आणि त्याच बोटांनी उलटी सोडवून दाखवली. "ही गाठ माज्या बापानं मला शिकवली. आता ती दोगांनाच येते. मला आनि..."

नाव त्यांनी घेतलं नाही. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. गिरणी चालू होती आणि त्यांनी खाली ठेवलेल्या पेल्यात उरलेलं पाणी बारीक थरथरत होतं.

ताई म्हणाली, "बाबा, माझ्याकडं राहायला चला."

"खला सोरून?" ते म्हणाले आणि हसले.

नारळी पौर्णिमेच्या आधीच ते गेले. सकाळी ओहोटीला होडीपासून थोड्या अंतरावर चिखलात पालथे सापडले. पाय घसरला, वय झालेलं, तोल गेला, असं सगळे म्हणाले. कागदावरही तसंच लिहिलं गेलं. त्या चिखलात ते चालायला शिकले होते. तिथे त्यांचा पाय कसा घसरेल, हे वस्तीतल्या बाया एकमेकींना विचारत होत्या, हळू आवाजात, पोलीस गेल्यावर.

अग्नी मोरूने दिला. डोकं भादरून तो खळ्यात बसला होता आणि कुणाकडेही बघत नव्हता. ताई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, काहीतरी बोलेल. ती वाकली, आणि नुसतीच ऐकत राहिली. मग परत आली. "तसाच श्वास," ती म्हणाली.

दिवस झाल्यावर मोरूने सही दिली. खळ्याभोवती निळे पत्रे लागले.

त्यानंतर ताईला मी हसताना किंवा कुणावर परभणीच्या भाषेत ओरडताना ऐकलं नाही. एके सकाळी मी गेले तर ती शटरसमोर उभी होती. पायरीवर कागदात मूठभर राख होती. गिरणीवाला म्हणाला, "कचरा जलाया होगा किसी ने." ताईने फडकं ओलं करून पायरी पुसली, फडकं धुतलं, पिळलं, वाळत घातलं आणि शटर वर केलं. त्याच आठवड्यात गाळ्याच्या मालकाने सांगितलं, घरात लग्न आहे, जागा लागणार आहे. कॉम्प्युटर आणि माइक तिने एका ओळखीच्या पोराला देऊन टाकले. घरही बदललं. कुठे गेली ते मलाही सांगितलं नाही. "तुला माहीत नसलेलं बरं. कुणी विचारलं तर तुला खोटं बोलायला नको."

पण ती पोलीस चौकीत जात राहिली. त्या खोलीत विनयशेठ काय बोलले, ते तिला जबाबात लिहून हवं होतं. पहिल्यांदा तिला सांगितलं, ऐकलेल्याला पुरावा म्हणत नाहीत. पुढच्या वेळी सांगितलं, साहेब नाहीत. मग सांगितलं, तुमचा काय संबंध, तुम्ही नातेवाईक का? ती उठून यायची आणि पुन्हा जायची.

शेवटी जबाब लिहिला गेला. तो बघून वस्तीतल्या दोघी-तिघींनीही आपापलं सांगितलं, होडीच्या दोराचंसुद्धा. विनयशेठना कुणी हात लावला नाही. त्यांची जागा आता दुसऱ्याने घेतलीय, एवढंच. मोरू वस्ती सोडून गेला. कुणी म्हणतं वसईला, कुणी म्हणतं गुजरातला. काम कोर्टात अडकलं. निळे पत्रे अजून आहेत, गंजलेत, आत काही उभं राहिलेलं नाही. बायांनी एका कोपऱ्यातला पत्रा वाकवलाय आणि तिथून आत जाऊन त्या बोंबील सुकवतात.

ताई कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. फोन लागत नाही. नव्या घराला कुलूप आहे. परभणीला चौकशी केली, तिथे आलेली नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या जबाबाच्याच दिवशी. दुपारची वेळ होती. मी सोबत गेले, पण तिने मला चौकीच्या दाराबाहेरच थांबवलं. "दोघी दिसलो की दोघींची नावं लागतात." ती आत बाकावर जाऊन बसली, पर्स मांडीवर घेऊन. दारातून मला ती पूर्ण दिसत होती.

थोड्या वेळाने विनयशेठ आले. कशासाठी आले होते कोण जाणे. तिथे त्यांना सगळे ओळखत होते. ताईला पाहून त्यांनी नमस्कार केला आणि तिच्याच बाकावर, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसले. चहावाल्याला दोन बोटं दाखवली. एक चहा त्यांनी स्वतःच्या हाताने ताईपुढे धरला. तिने घेतला.

"ताई," ते म्हणाले, तितक्याच मऊ आवाजात, "नवीन जागा कशी आहे? पहिला मजला ना? पाणी येतं का वेळेवर?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. हातातल्या चहावर साय धरत होती.

"येतं," ती म्हणाली. "दोन्ही वेळ येतं."

मग तिने चहा बाकावर ठेवला, उठली, टेबलापाशी गेली. हवालदाराने वर न बघताच विचारलं, काय पाहिजे? ताई म्हणाली, "जबाब द्यायचाय. लिहून घ्या." त्याने तिच्या खांद्यावरून एकदा विनयशेठकडे पाहिलं. मग कागद ओढला आणि नाव विचारलं. तिने आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आडनाव सांगितलं. मग त्याने पत्ता विचारला.

ताईने मागे वळून पाहिलं नाही. बिल्डिंगचं नाव, मजला, खोली नंबर, जवळची खूण, सगळं तिने सांगितलं, स्पष्ट आणि मोठ्याने, बाहेर उभ्या असलेल्यालाही ऐकू जाईल असं.

तो पत्ता मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.